छायांकित पोकळ अक्षर : स्वरूप, प्रकार आणि नियम

१. संज्ञा

अक्षर कागदावर दोन रीतींनी सिद्ध होते. एका रीतीत अक्षराचा आकार शाईने भरलेला असतो आणि भोवतालचा कागद कोरा राहतो. दुसऱ्या रीतीत आकार कोरा राहतो आणि केवळ त्याची कड शाईने रेखली जाते. पहिल्यास भरीव अक्षर व दुसऱ्यास पोकळ अक्षर म्हणू. पोकळ अक्षराच्या एका बाजूस, त्याची सावली पडली आहे असे भासवणारा गडद पट्टा जोडला म्हणजे छायांकित पोकळ अक्षर होते. अशा अक्षरांचा सुसंगत समूह, म्हणजे असा अक्षरसंच, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

पुढील विवेचनात सहा संज्ञा ठरावीक अर्थाने वापरल्या आहेत. (१) देह : अक्षराच्या फराट्यांनी व्यापलेले क्षेत्र, मग ते शाईने भरलेले असो वा नसो. (२) सीमारेषा : देहाची कड दाखवणारी रेघ. (३) विवर : देहाने वेढलेली मोकळी जागा, उदाहरणार्थ ‘व’च्या पोटातील जागा किंवा ‘म’च्या गाठीतील छिद्र. (४) छाया : देहाच्या सरकण्याने व्यापले जाणारे, परंतु देहाबाहेरचे क्षेत्र. (५) पतनदिशा : छाया ज्या दिशेस पडते ती दिशा. (६) पतनमान : त्या दिशेने देह जितका सरकला असे मानले जाते ते अंतर. पतनमानाचे दोन घटक होतात. एक आडवा आणि एक उभा. या दोन घटकांचा उपयोग पुढे वारंवार होईल.

२. छायेचे प्रयोजन

छायेस सामान्यतः अलंकार समजले जाते. हा समज अपुरा आहे. पोकळ अक्षरातील छायेचे पहिले कार्य अर्थनिश्चितीचे आहे, आणि ते पुढीलप्रमाणे सिद्ध होते.

रेघेस स्वतःची बाजू नसते. ती दोन क्षेत्रांमधली सीमा असते आणि त्या दोहोंपैकी आकार कोणता व पार्श्वभूमी कोणती हे ती सांगत नाही. ‘ठ’चा वाटोळा भाग केवळ सीमारेषेने काढला तर एकात एक अशी दोन वर्तुळे दिसतात. त्यांच्यामधले कडे हा देह आहे, की आतली चकती हा देह आहे, याचा निर्णय रेघांवरून होत नाही. वाचक तो परिचयाने करतो. आता उजवीकडे खाली पडणारी छाया जोडली असता ती दोन ठिकाणी दिसते : बाहेरील वर्तुळाच्या बाहेर, उजव्या-खालच्या कडेस, आणि आतील वर्तुळाच्या आत, डाव्या-वरच्या कडेस. ही दोन्ही स्थाने एकदम संभवतात ती केवळ एकाच गृहीतावर, ते म्हणजे कडे उचललेले आहे आणि चकती ही त्यातून दिसणारी मागची भूमी आहे. संदिग्धता येथे संपते.

न्यायशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर छाया हा हेतू आणि देह हे साध्य आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान होते तसे छायेवरून देहाचे अनुमान होते. परंतु अनुमान प्रमाण ठरते ते व्याप्ती अखंड असेल तरच. शंभर अक्षरांपैकी एका अक्षराची छाया वेगळ्या दिशेस पडली किंवा तिची लांबी बदलली, तर हेतू आणि साध्य यांचा नियत संबंध तुटतो आणि उरलेल्या नव्व्याण्णव छायांचाही केवळ नक्षीपट्टा होतो. छाया हा देहाचा पुरावा आहे. म्हणून तिचे सर्व नियम पुराव्याचे नियम आहेत. पुढील विवेचन या एका विधानाचा विस्तार आहे.

३. प्रकार

वर्गीकरण दोन अंगांनी करावे लागते.

देहाच्या अंगाने तीन प्रकार होतात. (१) भरीव देह : छाया येथे पूरक असते, कारण देह आधीच दिसत असतो. (२) पोकळ देह : सीमारेषा आणि छाया मिळून देह सिद्ध करतात. (३) अदृश्य देह : सीमारेषाही नसते, केवळ छाया छापलेली असते आणि देहाची प्रकाशाकडील कड वाचकाने कल्पनेने पूर्ण करायची असते.

छायेच्या अंगाने चार प्रकार होतात. (१) प्रतिछाया : देहाची एक नक्कल सरकवून मागे ठेवलेली असते. (२) घनछाया : मूळ स्थानापासून सरकलेल्या स्थानापर्यंतचे सर्व क्षेत्र भरलेले असते; अक्षर जाड फळीतून कापल्यासारखे दिसते. (३) विलग छाया : देह आणि छाया यांमध्ये कोरी फट सोडलेली असते. (४) रेखित छाया : क्षेत्र सपाट न भरता समांतर रेघांनी भरलेले असते, त्यामुळे काळ्या शाईत करडी छटा मिळते.

तीन आणि चार यांच्या गुणाकाराने बारा योग होतात, परंतु त्यांतील सर्व समान समर्थ नसतात. अदृश्य देह आणि विलग छाया यांचा योग स्वतःचाच बाध करतो. अदृश्य देहाची कड केवळ छायेच्या कडेवरून कळते. मध्ये फट सोडली तर वाचक छायेची कड हीच देहाची कड समजतो आणि फट लोप पावते. प्रतिछायेसही मर्यादा आहे. पतनमानाचा आडवा घटक उभ्या फराट्याच्या जाडीहून अधिक झाला तर नक्कल देहापासून सुटते आणि छायेऐवजी दुसरे अक्षर दिसू लागते. घनछायेस ही मर्यादा नाही, कारण तिच्यात मधले क्षेत्र भरलेले असते. म्हणून लांब पतनमानासाठी घनछाया हाच निर्वेध प्रकार होय.

४. विकासाचे टप्पे

पहिला टप्पा धातूच्या खिळ्यांचा. लंडनमधील अक्षर-ओतारी व्हिन्सेंट फिगिन्स यांच्या १८१५ च्या नमुनापुस्तकात छायांकित अक्षरे आढळतात. त्यांचे माप मोठे होते. हे माप आकस्मिक नाही. त्या काळी जाहिरातपत्रके आणि लॉटरीची पत्रके भिंतींवर एकमेकांशेजारी चिकटवली जात. रस्त्यावरून जाणाऱ्याची दृष्टी खेचणे ही अक्षराची नवी गरज होती. ग्रंथाच्या अक्षराचे काम नजरेआड राहण्याचे, तर पत्रकाच्या अक्षराचे काम नजरेत भरण्याचे. छायेचा उगम या दुसऱ्या कामात आहे.

दुसरा टप्पा लाकडी अक्षरांचा. मोठ्या मापाचा धातूचा खिळा जड असतो आणि ओतताना सपाट राहत नाही. डेरियस वेल्स यांनी १८२७ मध्ये न्यूयॉर्क येथे फिरत्या पात्याच्या यंत्राने लाकडी अक्षरे मोठ्या संख्येने करण्यास आरंभ केला. विल्यम लेव्हनवर्थ यांनी १८३४ मध्ये त्या यंत्रास पँटोग्राफ जोडला. यामुळे एका नमुन्यावरून अनेक मापांची अक्षरे कापता येऊ लागली आणि छायांकित आकार स्वस्त झाले. पुढे विल्यम पेज यांच्या १८७४ च्या बहुरंगी लाकडी अक्षरांच्या नमुनापुस्तकात देह आणि छाया यांचे स्वतंत्र ठोकळे दिसतात. एक रंग छापून त्यावर दुसरा नेमका बसवायचा, ही पद्धत. देह आणि छाया हे दोन स्वतंत्र थर आहेत हा विचार येथे यंत्रसामग्रीत मूर्त झाला.

तिसरा टप्पा आधुनिक अक्षरसंचांचा. शिकागोच्या लडलो कंपनीसाठी रॉबर्ट हंटर मिडलटन यांनी केलेला ‘अंब्रा’ (१९३५) हा अदृश्य देहाचा शुद्ध नमुना होय. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थच सावली असा आहे. त्यात अक्षर छापलेलेच नसते, त्याची छाया छापलेली असते. याउलट स्वित्झर्लंडमधील हास ओतशाळेसाठी १९४० च्या दशकात यूजेन आणि मॅक्स लेंझ यांनी केलेला ‘प्रोफिल’ हा पोकळ देहाचा नमुना होय. त्यात चौकोनी पायाची रुंद अक्षरे, स्पष्ट सीमारेषा आणि एका बाजूस गडद छाया असते. याच ओतशाळेचा, हेरमान आयडेनबेन्झ यांचा ‘ग्राफिक’ अरुंद, पायारहित अक्षरांवर तीच रचना करतो. प्रस्तुत विषयाची व्याख्या या दोन संचांवरून नीट पडताळता येते.

चौथा टप्पा धातूविरहित अक्षरांचा. १९६१ पासून लेट्रासेटची घासून उमटवायची अक्षरे मिळू लागली. १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकात तर पोकळ आणि छायांकित ही अक्षरसंचाची नव्हे, तर आज्ञेची रूपे झाली. ठळक किंवा तिरपे करावे तसे कोणतेही अक्षर छायांकित करता येऊ लागले. येथे एक भेद लक्षात ठेवावा. रचलेली छाया आणि आज्ञेने जोडलेली छाया या भिन्न वस्तू आहेत. पहिलीत आरेखकाने प्रत्येक अक्षराच्या विवराचा विचार केलेला असतो. दुसरीत गणित सर्वांना एकच लागते. या भेदाचे परिणाम पुढील दोन भागांत दिसतील.

५. मानाचे नियम

पहिला नियम दिशेचा आहे. एका संचात पतनदिशा एकच असावी. तिची निवड मात्र सर्वस्वी स्वैर नसते. मनुष्याची दृष्टी प्रकाश वरून येतो असे गृहीत धरते. छटांवरून उठाव ओळखण्याविषयी विलयनूर रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग हे दाखवतात. सन आणि पेरोना यांच्या १९९८ च्या अभ्यासात हे गृहीत नेमके वर नसून किंचित डावीकडे झुकलेले आढळले. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात : छाया खाली पडली पाहिजे, हे आवश्यक, ती उजवीकडे पडणे, हे अनुकूल.

दुसरा नियम फराट्यांच्या कलाचा आहे. छायेच्या पट्ट्याची रुंदी सर्वत्र सारखी नसते. ती पतनमानाला फराटा आणि पतनदिशा यांमधील कोनाच्या साइनने गुणून मिळते. छाया उजवीकडे ४५ अंशांत खाली पडत असून पतनमान १० मिलिमीटर आहे असे समजू. उभ्या व आडव्या फराट्यांच्या पट्ट्यांची रुंदी सुमारे ७.१ मिलिमीटर येते. डावीकडे ४५ अंशांत उतरणाऱ्या फराट्याची रुंदी पूर्ण १० येते. उजवीकडे ६० अंशांत उतरणाऱ्या फराट्याची २.६ येते, आणि उजवीकडे ४५ अंशांतच उतरणाऱ्या फराट्याची शून्य. म्हणजे जो फराटा छायेच्या दिशेस समांतर असतो त्यास छाया केवळ टोकाशी मिळते. रोमन लिपीतील ‘एन’ या मोठ्या अक्षराचा तिरपा फराटा याच कारणाने छायांकित संचात निस्तेज दिसतो. आरेखक तेथे पट्टा किंचित वाढवतो. गणित मोडून डोळ्याचे समाधान करणे हा येथे दोष नसून कर्तव्य आहे, कारण पुरावा डोळ्यापुढे द्यायचा असतो.

तिसरा नियम विवराचा आहे. पतनमानाचा आडवा घटक सर्वांत अरुंद विवराच्या रुंदीहून आणि उभा घटक सर्वांत बुटक्या विवराच्या उंचीहून स्पष्टपणे लहान असावा. अन्यथा विवर छायेने भरते आणि अक्षर बुजते.

चौथा नियम मापाचा आहे. अक्षराची उंची २० मिलिमीटर, फराटा २.५ आणि सीमारेषा ०.५ मिलिमीटर असेल तर देहाच्या आत १.५ मिलिमीटर कोरी जागा उरते. तेच अक्षर ३ मिलिमीटर उंचीवर आणले तर सीमारेषा ०.०७५ व कोरी जागा सुमारे ०.२३ मिलिमीटर होते. शाईचा थोडासा फैलावही ही जागा गिळतो. म्हणून हे अक्षर मथळ्याचे आहे, मजकुराचे नाही. हा निर्णय अभिरुचीवर नव्हे, या भागाकारावर उभा आहे.

पाचवा नियम अंतराचा आहे. एका अक्षराची छाया पुढच्या अक्षराच्या देहावर पडता कामा नये, किंवा पडल्यास पुढच्या देहाने ती झाकली पाहिजे. धातूचा प्रत्येक खिळा हा स्वतंत्र चौकोन असल्याने तेथे झाकणे शक्य नव्हते. छाया खिळ्याच्या रुंदीतच सामावावी लागे. परिणामी छायांकित संच सुटे सुटे जुळतात. रोमन लिपीस हे सोसते, कारण तिची छापील अक्षरे मुळातच सुटी असतात.

६. देवनागरीचा विशेष

पाचव्या नियमापाशी देवनागरी रोमन लिपीपासून वेगळी होते. देवनागरीत शिरोरेषा अक्षरांना जोडते. छायेचा विचार ज्या देहासंबंधी करायचा तो देह येथे अक्षर नसून संपूर्ण शब्द असतो. या एका भेदातून चार प्रश्न उद्भवतात.

पहिला प्रश्न सांध्यांचा. ‘कमळ’ हा शब्द संगणकावर लिहून त्यास सीमारेषेची आज्ञा दिली असता पुष्कळदा शिरोरेषेवर क आणि म, तसेच म आणि ळ यांच्या सांध्यांवर बारीक उभ्या रेघा उमटतात. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर त्या सहज दिसतात. कारण उघड आहे : आज्ञेने प्रत्येक अक्षरास स्वतंत्र देह मानून त्याची कड चारी बाजूंनी बंद केली. अखंड पट्टीचे तीन तुकडे झाले. डीटीपीचे काम करणारे यावर उपाय म्हणून अक्षरे कर्व्हमध्ये बदलतात, वेल्ड करून एकजीव करतात आणि मग कड काढतात. हा उपाय तत्त्वतः बरोबर आहे. त्यात आधी शब्दाचा देह सिद्ध होतो आणि मग त्याची सीमा. अक्षरसंचातच हे साधायचे तर शिरोरेषेची दोन्ही टोके उघडी असलेले, केवळ डावे टोक बंद असलेले, केवळ उजवे टोक बंद असलेले आणि दोन्ही बंद असलेले असे प्रत्येक अक्षराचे चार पर्याय ठेवून शब्दातील स्थानानुसार त्यांची निवड व्हावी लागते.

दुसरा प्रश्न शिरोरेषेच्या खंडाचा. ‘भ’ आणि ‘ध’ यांच्या माथ्यावर शिरोरेषा तुटते. हा खंड शोभेचा नाही. ‘भ’ला ‘म’पासून आणि ‘ध’ला ‘घ’पासून तोच वेगळे करतो. खंडाच्या डावीकडील भागाची उजवीकडे पडणारी छाया या खंडात शिरते. तिचा आडवा घटक खंडाच्या रुंदीइतका झाला की ‘धर’चा ‘घर’ होतो आणि ‘भात’चा ‘मात’. विवर बुजले तर अक्षर कुरूप होते. खंड बुजला तर शब्द बदलतो. म्हणून देवनागरीत पतनमानाची पहिली मर्यादा विवर नसून हा खंड आहे.

तिसरा प्रश्न दिशेचा. रोमन लिपीत बी, डी, ई, एफ, पी, आर या मोठ्या अक्षरांचा उभा दांडा डावीकडे असतो. देवनागरीत ग, च, त, न, प, म, य, व, स अशा बहुसंख्य अक्षरांचा दंड उजवीकडे असतो. उजवीकडे पडणारी छाया या दंडांच्या कडेने सरळ, एकसंध पट्टी होऊन उतरते. म्हणजे दृष्टीस अनुकूल असलेली दिशा देवनागरीच्या रचनेसही अनुकूल आहे. अपवाद ‘र’चा. त्याचा पाय उजवीकडे सुमारे ४५ अंशांत उतरतो, आणि त्याच कोनात छाया टाकली तर पाय छायेविना राहतो. मराठीत ‘र’ सतत येणारे अक्षर असल्याने हा अपवाद नगण्य नाही. छाया ३० अंशांत खाली टाकली तर १० मिलिमीटर पतनमानास दंडाचा पट्टा ८.७, शिरोरेषेचा ५ आणि ‘र’च्या पायाचा २.६ मिलिमीटर होतो. पायास छाया मिळते आणि शिरोरेषेखालची गर्दी कमी होते. मात्र आडवा घटक वाढल्याने ‘ध’चा खंड संकटात येतो, म्हणून या कोनासह पतनमान आखूड करावे. कोन आणि मान यांचा निर्णय असा एकत्रच होतो.

चौथा प्रश्न मजल्यांचा. वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार शिरोरेषेच्या वर राहतात, उकार खाली. अनुस्वाराच्या ठिपक्याची छाया खाली येऊन शिरोरेषेस भिडली तर ठिपका सुटा राहत नाही. म्हणून ठिपका आणि शिरोरेषा यांतील अंतर पतनमानाच्या उभ्या घटकाहून अधिक हवे. भरीव संचातील अंतर येथे तसेच चालत नाही. वरचा मजला उंच बांधावा लागतो.

७. थरांचा क्रम

वरील प्रश्नांची उत्तरे पाटी रंगवणाऱ्या पेंटरच्या कामात क्रमाच्या रूपाने आढळतात. तो प्रथम पत्र्यावर शिरोरेषेची आणि पायाची ओळ आखतो. मग सपाट ब्रशने पूर्ण शब्द देहाच्या रंगात लिहितो. शब्द पुरा होईपर्यंत तो छायेस हात लावत नाही. नंतर बारीक ब्रशने सीमारेषा ओढतो; ती शब्दाभोवती फिरते, सांध्यांत शिरत नाही. शेवटी छाया घालतो. ती घालताना तो पुष्कळदा देहापासून केसभर फट सोडतो, कारण देहाचा रंग ओला असल्यास ब्रश त्यास लागून दोन्ही रंग बिघडतात. विलग छायेचे एक कारण असे रंगाच्या ओलेपणात आहे. पुढच्या अक्षराचा देह आधीच उभा असल्याने छाया त्याच्या कडेशी आपोआप थांबते, आणि पाचवा नियम वेगळा सांगावा लागत नाही. ‘ध’च्या खंडापाशी आल्यावर तो छाया आवरती घेतो, कारण तो आकार रंगवताना शब्दही वाचत असतो.

संगणकीय संचास हाच क्रम थरांनी साधावा लागतो. तळाशी संपूर्ण शब्दाची छाया, तिच्यावर संपूर्ण शब्दाचा अपारदर्शक देह आणि सर्वांत वर त्या एकत्रित देहाची सीमारेषा. मधला थर आवश्यक आहे. पोकळ अक्षराचा देह कोरा दिसतो, म्हणून तो रिकामा आहे असे समजले तर मागच्या अक्षराची छाया त्याच्या पोटातून दिसू लागते. कोरेपणा हाही एक रंग आहे आणि तो भरावाच लागतो.

८. निष्कर्ष

विवेचनाचा सारांश पाच विधानांत मांडता येतो. (१) पोकळ अक्षरातील छाया अलंकाराआधी पुरावा आहे. (२) पुरावा प्रमाण ठरण्यासाठी दिशा आणि मान यांची एकवाक्यता लागते. (३) मानाच्या मर्यादा विवर, माप आणि अंतर यांवरून ठरतात. (४) देवनागरीत त्यांत शिरोरेषेच्या खंडाची मर्यादा जोडली जाते, आणि ती सर्वांत कठोर आहे. (५) रोमन लिपीत छायेचे एकक अक्षर असते. देवनागरीत ते शब्द असते.

पाचव्या विधानातून संचकर्त्यासाठी एक कार्यविधी निष्पन्न होतो. देवनागरीचा छायांकित संच ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंतच्या तक्त्यावर पारखला तर निर्दोष भासू शकतो, कारण तक्त्यातील प्रत्येक अक्षर एकटे उभे असते. तो ‘घर’ आणि ‘धर’, ‘मात’ आणि ‘भात’ असे शब्द शेजारी लिहून, पाटी जितक्या अंतरावरून वाचली जाणार तितक्या अंतरावरून पारखावा. तेथून दोन शब्द दोनच वाचले गेले, तर छायेने तिचे काम केले.